धडा घरी जातो

मादागास्करच्या जंगलात रात्री झाडावर कुणीतरी टकटक करत असतं. टकटक, मग थोडी शांतता, पुन्हा टकटक. हा आय-आय. लेमूर कुळातला हा प्राणी रात्री हिंडणाऱ्या प्राइमेट गटातल्या प्राण्यांत जगात सर्वांत मोठा, तरी वजन जेमतेम दोन-अडीच किलो. त्याच्या हाताचं मधलं बोट इतकं बारीक की हाडावर नुसती कातडी चढवली आहे असं वाटावं. या बोटाच्या मुळाशी आपल्या खांद्यात असतो तसा उखळीचा सांधा असतो, म्हणून ते हवं तसं वळतं. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं आय-आय हे बोट फांदीवर सेकंदाला आठेक वेळा आपटतो, मोठाले कान पुढे करतो आणि सालीखाली अळीने पोखरलेली पोकळी नेमकी कुठे आहे ते ओळखतो. मग आयुष्यभर वाढत राहणाऱ्या पुढच्या दातांनी लाकूड कुरतडून तेच बोट आत घालतो आणि अळी बाहेर ओढतो. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाहीत. लाकडातल्या अळ्या शोधण्याचं त्यांचं काम तिथे हा प्राणी करतो. अठराव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची गणना चक्क खारींमध्ये केली होती. आणि २०२२ साली संशोधकांनी जाहीर केलं की हाच प्राणी ते लांबलचक बोट आपल्या नाकात पार मुळापर्यंत घालतो, इतकं की ते आतून घशाशी पोचतं. ही गोष्ट कुठल्याही देशातल्या दुसरीच्या वर्गात सांगून पाहा, वर्ग तुमचा झाला म्हणून समजा.

पण मादागास्करच्या अनेक गावांत आय-आय म्हणजे अपशकुन. त्याने ते बोट एखाद्याकडे रोखलं की तो माणूस मरतो, असं मानतात. गावात दिसला तर काही ठिकाणी त्याला मारून टाकतात. मारणाऱ्यांना दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही. माणसं आपलं घर वाचवण्यासाठीच हे करतात, आणि त्यांना दुसरं कुणी काही सांगितलेलं नसतं. त्या गावातल्या मुलाला आय-आयची भीती घरातूनच मिळते. सुतारपक्ष्याचं काम करणारं ते बोट त्याला कोण दाखवणार?

शाळा दाखवेल, असं म्हणावं तर तिथली खेड्यातली शाळा कशी असते ते आधी पाहिलं पाहिजे. एका फळ्यासमोर दोन-तीन इयत्ता. पुस्तकं असलीच तर मोजकी, तीही वाटून वाचायची. कितीतरी गावांत सरकारी शिक्षक पुरत नाहीत, म्हणून पालकसंघ वर्गणी काढून गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला शिक्षक नेमतो, आणि त्याला शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालेलं असतंच असं नाही. अशा शाळेत दूरदेशाहून कुणी पर्यावरण शिकवायला गेलं, तर ते काय करू शकतं? हा प्रश्न मला फार दिवस खुणावतो आहे. जगभर हजारो स्वयंसेवक असे जातात. त्यांतल्या पुष्कळांचं काम त्यांच्या विमानाबरोबरच परत जातं. पण काहींचं तिथे रुजतं, आणि ते कसं रुजतं याची हकिकत आय-आयच्या बोटाइतकीच अचंबा वाटावा अशी आहे.

ॲलिसन जॉली ही अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मादागास्करला गेली. दक्षिणेकडच्या बेरेंटीच्या जंगलात तिने शेपटीवर कडी असलेल्या लेमूरांचा अभ्यास केला आणि त्यांच्या कळपात माद्यांचा शब्द चालतो हे दाखवून दिलं. तोवर प्राइमेट प्राण्यांत सत्ता नराचीच असते असं गृहीत धरलं जाई. एवढ्या कामावर कुणीही आयुष्यभर समाधानी राहिलं असतं. जॉली मात्र चाळीसेक वर्षं त्या देशात येत-जात राहिल्यावर मुलांच्या गोष्टींकडे वळली. मालागासी मुलांना स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या जंगलातल्या प्राण्यांवर वाचायला फारच थोडं होतं. तिने सहा छोटी पुस्तकं केली. प्रत्येकात वेगळा लेमूर आणि देशाच्या वेगळ्या भागातलं वेगळं जंगल. पहिल्याचा नायक आको हा आय-आयच. चित्रं डेबोरा रॉस यांची. आणि मालागासी मजकुरासाठी जॉलीच्या सोबत होत्या हांतानिरिना रासामिमानाना, राजधानी अंतानानारिव्होत शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयातल्या प्राध्यापक आणि स्वतः लेमूरांच्या अभ्यासक.

ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. एकीकडे, ज्या प्राण्याकडे सगळं गाव भीतीने बघतं त्याच्याकडे प्रेमाने बघणारी परकी नजर. दुसरीकडे, गावातल्या आजीला ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे जाणणारी बाई, जिच्या हाताखालून दरवर्षी नवे शिक्षक बाहेर पडतात. पुस्तकांबरोबर भिंतीवर लावायची मोठी चित्रं आणि शिक्षकांसाठी पुस्तिकाही केल्या गेल्या. ज्या वर्गात मुलामागे पुस्तक नाही, तिथे भिंतीवरचं एक चित्र पन्नास मुलं एकदम वाचतात.

हे काम किती घाईचं आहे ते एका आकड्यावरून कळेल. २०२० मध्ये जगातल्या संकटग्रस्त प्रजातींची यादी नव्याने तपासली गेली, तेव्हा लेमूरांच्या १०७ प्रजातींपैकी १०३ प्रजाती धोक्यात असल्याचं त्यात नोंदवलं गेलं. मादागास्कर सोडून दुसरीकडे कुठल्याही रानात लेमूर नाहीत असं म्हटलं तरी चालेल. शेजारच्या कोमोरो बेटांवर जे थोडे आहेत, ते माणसांनीच नेलेले.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. सेंट लुसिया हे कॅरिबियन बेट आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना डॅरेन सॅमीचं गाव म्हणून माहीत असतं. क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी भरतात साधारण तेवढंच. मधोमध डोंगर आणि दाट जंगल. या जंगलात एक पोपट राहतो, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. तोंड निळं, अंग हिरवं, छातीवर लालसर छटा. बेटावरचे लोक त्याला झाको म्हणतात. जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत तो घरटं करतो आणि एका खेपेला दोनेक अंडी घालतो. १९७० च्या दशकात या झाकोंची संख्या शंभराच्या आसपास उरली होती. लोक खाण्यासाठी त्यांची शिकार करत, पिल्लं पकडून पिंजऱ्यात ठेवत, आणि केळीच्या लागवडीसाठी जंगल मागे हटत होतं.

पॉल बटलर हा लंडनमधला कॉलेजचा विद्यार्थी १९७५ मध्ये काही सोबत्यांबरोबर या पोपटाचा अभ्यास करायला तिथे गेला. त्याने अहवाल लिहिला. तो बेटाच्या वनखात्याला इतका पटला की १९७७ मध्ये, शिक्षण संपता संपता, त्यालाच तिथे बोलावून घेतलं. वय विशीच्या सुरुवातीचं, पगार तुटपुंजा, हाताशी पैसा जवळजवळ नाही. वनखात्याचे प्रमुख गेब्रियल चार्ल्स हे बेटाचेच सुपुत्र. त्यांच्या आधाराने या पोराने काम सुरू केलं.

तो काय करू शकला असता? कडक कायदा हवा होता. पण लाख-सव्वा लाख वस्तीच्या त्या बेटावर पोपटासाठी कायदा करा असं म्हणणारं कुणी नव्हतं. शिकारीत नुकसान आहे असं लोकांना पटवता आलं असतं का? एका पोपटाच्या मरण्याने सेंट लुसियातल्या कोणाच्याही घरची चूल विझणार नव्हती. त्याने वेगळंच धरलं. हा पोपट तुमचा आहे, जगात फक्त तुमचा, हे तो सांगत सुटला. बाहुल्यांचे खेळ केले, टी-शर्ट छापले, तिथल्या वाद्यवृंदाकडून गाणी बसवून घेतली, हॉटेलकडून गाड्यांवर लावायच्या चिकटपट्ट्या छापून घेतल्या. चर्चमधल्या धर्मगुरूंना विनंती केली की सृष्टी सांभाळण्याविषयी बायबलात जे आहे ते प्रवचनात सांगा. आणि स्वयंसेवकांना पोपटाचा पोशाख चढवून शाळाशाळांत नेलं.

तो प्रसंग नजरेसमोर आणून पाहा. पत्र्याचं छप्पर, बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुलं, आणि दारातून माणसाएवढा पोपट आत येतो. पंख पसरतो. गातो. मुलं गाणं उचलतात. दुपारी शाळा सुटली की तेच गाणं म्हणत चारशे मुलं चारशे घरांकडे जातात.

१९७९ मध्ये सेंट लुसिया स्वतंत्र झालं आणि झाको राष्ट्रीय पक्षी झाला. १९८० मध्ये वन्यजीवांच्या संरक्षणाचा नवा कायदा आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲलन नावाचं महाभयंकर चक्रीवादळ बेटावर आदळलं आणि जंगलाची दाणादाण उडाली. शंभरावर आलेली जात असल्या एका तडाख्याने कायमची जाऊ शकते. झाको तगला. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर जेराल्ड डरेल यांनी उभारलेल्या प्राणिसंग्रहालयात काही झाको आधीच नेऊन ठेवले होते. तिथे १९८२ मध्ये पिंजऱ्यात पहिलं पिल्लू जन्मलं. १९८९ मध्ये सेंट लुसियाचे पंतप्रधान जॉन कॉम्प्टन स्वतः जर्सीला गेले आणि तिथे जन्मलेली दोन पाखरं मायदेशी घेऊन आले. देशाचा पंतप्रधान पोपट आणायला समुद्रापार जातो, हे दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर खरं वाटलं नसतं. जंगलातली संख्याही वाढत गेली. विसावं शतक संपेपर्यंत ती पाचशेच्या घरात पोचली, पुढच्या पाहण्यांत हजारावरचे आकडे आले.

अर्थात हे सगळं शाळांनी केलं असं म्हणणं वनखात्यावर, कायद्यावर आणि जर्सीच्या मंडळींवर अन्याय होईल. पण कायद्याला बेटावर आधार मिळाला तो घराघरांतून, आणि घरात ही गोष्ट शिरली ती बव्हंशी दप्तराबरोबर, असं मला ठामपणे वाटतं. असं खरंच होतं का, हे पुढे अभ्यासकांनी मोजून पाहिलं आहे.

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर केब्रादा गानादो नावाचं गाव आहे. जवळच्या जंगलात लाल मकाव, म्हणजे लाल-पिवळ्या-निळ्या पिसांचा तो भलाथोरला पोपट, अजून टिकून होता. गावातल्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना मकावविषयी काही तास शिकवले. यातली खरी युक्ती गृहपाठात होती. मुलांना रंगवायची वही दिली आणि अट घातली की ती घरच्या मोठ्या माणसाबरोबर बसून पुरी करायची. मग परीक्षा घेतली, मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांचीसुद्धा. मुलांचं ज्ञान वाढलं होतं यात नवल नाही. आईवडिलांचंही वाढलं होतं. आठ महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही ते टिकून होतं. आणि ज्यांची मुलं त्या वर्गात नव्हतीच अशा शेजारच्या मोठ्या माणसांकडेही त्यातलं काहीबाही पोचलं होतं. चौथीतल्या एखाद्या पोराने रंगवलेलं चित्र कुंपण ओलांडून शेजारी गेलं होतं!

सेशेल्स बेटांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या शाळांत वन्यजीव मंडळं चालतात. काही मंडळांत मुलांना पाणथळ जागांविषयी शिकवलं, काहींत नाही, आणि दोन्हीकडच्या पालकांना प्रश्न विचारले. ज्यांची मुलं शिकली होती त्या पालकांना पाणथळींविषयी जास्त माहिती होती, आणि घरात पाणी जपून वापरण्याच्या त्यांनी सांगितलेल्या सवयीही बऱ्या होत्या. शाळेत शिकवलेल्या गोष्टीने स्वयंपाकघरातला नळ बंद केला, असं नियंत्रित तुलना करून दाखवणारा हा पहिला अभ्यास मानला जातो. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारी भागातून असाच निष्कर्ष आला. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हवामानबदल शिकवला आणि आपल्या आयुष्यात हवा कशी बदलली यावर घरच्यांची मुलाखत घ्यायला सांगितली. पालकांची काळजी वाढली. सर्वांत जास्त वाढली ती या विषयाला आधी नाकं मुरडणाऱ्या पालकांची आणि वडिलांची. आणि मुलग्यांपेक्षा मुलींनी आईवडिलांना जास्त बदललं. वर्तमानपत्रांना आणि पुढाऱ्यांना जे जमलं नाही ते जेवताना विचारलेल्या चार प्रश्नांना जमलं. या निष्कर्षाने मी अजून भारावलेला आहे. आपण शहाणपण वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे येतं असं धरून चालतो. इथे ते चढावर वाहत होतं.

आता हे सगळं ध्यानात घेऊन, हाती काहीही नसलेल्या शाळेत एक तास घ्यायचा तर? जगभरचे पर्यावरणशिक्षक करतात असा एक प्रयोग इथे सविस्तर सांगतो, कारण त्याला लागणारं सामान प्रत्येक गावाच्या उकिरड्यावर पडलेलं असतं.

प्लास्टिकच्या तीन मोठ्या बाटल्या घ्या. आडव्या ठेवून प्रत्येकीची वरची बाजू लांबट खिडकीसारखी कापून काढा. तिन्हींत सारखीच माती दाबून भरा. पहिलीतली माती उघडीच ठेवा. दुसरीत मातीवर वाळका पाला पसरा. तिसरीत मात्र दोन आठवडे आधीच धान्य किंवा गवताचं बी पेरून ठेवायचं, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी हिरवी गच्च दाढी उगवलेली असेल. तिन्ही बाटल्या एका कडेला, तोंड थोडं उताराकडे करून मांडा आणि तोंडाखाली एकेक पेला टांगा. मग तीन मुलांना सारखंच पाणी द्या आणि झारीने, किंवा भोकं पाडलेल्या डब्याने, पाऊस पाडायला सांगा.

पहिल्या पेल्यात लगेच पाणी येतं, गढूळ, जवळजवळ चिखलच. दुसऱ्यात उशिरा येतं आणि फिकट असतं. तिसऱ्यात ठिबकत ठिबकत येतं आणि पुष्कळदा इतकं नितळ की आरपार दिसतं. पाऊस थांबल्यावरही तिसरी बाटली बराच वेळ ठिबकत राहते. झरा उन्हाळ्यात कसा जिवंत राहतो ते मुलांना या ठिबकण्यातून कळतं. यामागचं गणितही थक्क करणारं आहे. पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आपटतो. उघड्या मातीचे कण त्या माराने उसळून फूट-दोन फूट उंच उडतात आणि उताराला लागतात. पान मध्ये आलं की थेंबाचा सगळा जोर पानावरच जिरतो. जंगल पाणी अडवतं म्हणतो तेव्हा सुरुवात इथून असते, एका पानावर फुटलेल्या एका थेंबापासून.

सेंट लुसियात पोपटाच्या गोष्टीला हीच जोड दिलेली होती. पोपटाचं जंगल डोंगरमाथ्यावर, आणि बेटाच्या नद्या तिथेच उगम पावतात. पोपट राहिला तर जंगल राहिलं, जंगल राहिलं तर नळाला पाणी.

मादागास्करच्या मुलांना तर हा पहिला पेला ओळखीचा असतो. त्यांच्या बेत्सिबोका नदीचा रंगच तो आहे. मधल्या पठारावरची लाल माती घेऊन ही नदी वायव्येच्या समुद्राला मिळते, आणि मुखाशी पसरलेला तो तांबडा पंखा अंतराळवीरांनी वरून टिपलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. पठाराच्या उतारांना प्रचंड घळी पडलेल्या आहेत. इथे चांगल्या शिक्षकाने जपून बोलायला हवं. सगळ्याच घळी झाडं तोडल्याने पडलेल्या नाहीत, काही माणूस त्या बेटावर यायच्या आधीच्या आहेत. मुलाला घाबरवण्यासाठी अर्धसत्य सांगितलं की ते एक दिवस उघडं पडतं, आणि मग उरलेल्या खऱ्यावरचाही विश्वास जातो.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला हे लाल पाणी वेगळं सांगायला नको. पहिल्या पावसात आपल्याकडच्या जांभ्याच्या सड्यांवरून येणारे वहाळ असेच तांबडे असतात. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात खडक कुजत जातो, बाकी बरंच काही वाहून जातं आणि लोखंड गंजून मागे राहतं. पण आपलं आणि मादागास्करचं नातं यापेक्षा जुनं आहे. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि मादागास्कर एकमेकांना जोडलेले होते. मग ते तुटले आणि आपण उत्तरेकडे निघालो. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसातून बनला तो त्यानंतर दोनेक कोटी वर्षांनी. अंतानानारिव्होजवळच्या एखाद्या शाळेत मराठी माणूस उभा राहिला, तर जगाच्या नकाशावर बोट ठेवून त्याला हे सांगता येईल. मुलं नकाशातले दोन तुकडे नजरेनेच जोडून बघतील.

जायचं कुणी, आणि किती काळासाठी? आठ-पंधरा दिवसांच्या सहली काढणाऱ्या कंपन्या खूप आहेत. पैसे भरा, शाळेत जा, मुलांबरोबर फोटो काढा, या. मला त्यात काही राम दिसत नाही. मुलांना दर पंधरवड्याला नवा पाहुणा मिळतो आणि त्यांच्या शिक्षकाचे तास तेवढे बुडतात. अमेरिकेच्या पीस कोअरची पद्धत याउलट आहे. १९६१ साली सुरू झालेली ही योजना त्याच वर्षी भारतातही आली आणि १९७६ पर्यंत इथे चालली. स्वयंसेवकाला आधी तीनेक महिने तिथली भाषा शिकवतात, बहुधा तिथल्याच एखाद्या कुटुंबात ठेवतात, आणि मग दोन वर्षं एका गावात. दोन वर्षांत एक पूर्ण पावसाळा चुकला तरी दुसरा हाती लागतो. बी पेरून उगवलेलं बघता येतं. शिक्षिकेशी मैत्री होते, आणि तिच्या वर्गात कधी गप्प बसायचं ते कळतं. बटलरची पद्धत पुढे रेअर या संस्थेने पन्नासहून अधिक देशांत नेली, तीही एका अटीवर: मोहीम चालवणारा माणूस तिथलाच असला पाहिजे. बाहेरचे फक्त त्याला शिकवतात आणि मदत करतात. सेंट व्हिन्सेंट बेटानेही आपल्या पोपटासाठी याच वाटेने काम केलं.

हे सगळं एका जागी पाहायचं तर ग्वातेमालातल्या बाहा व्हेरापास भागातल्या ग्रानादोस गावात. २००७ मध्ये पीस कोअरची एक तरुण स्वयंसेविका तिथल्या शाळेत आली. शाळेच्या आवारात दोन वर्गखोल्यांचा लोखंडी सांगाडा कित्येक दिवस उभा होता. पैसे संपले म्हणून भिंती झाल्याच नव्हत्या. गावात कचरा उचलण्याची सोय नव्हती, तो जाळत किंवा ओढ्यात टाकत. एक दिवस मुख्याध्यापकांशी बोलत बसलेली असताना तिच्या हातात थंड पेयाची बाटली होती. तिच्या ध्यानात आलं की बाटलीची जाडी त्या सांगाड्याच्या जाडीएवढीच आहे. कचरा भरलेल्या बाटल्या विटेसारख्या वापरायची कल्पना ग्वातेमालातच आतितलान तळ्याच्या काठी पुरा व्हिदा या चळवळीने आधी रुजवली होती. तिने ती उचलली.

मुलं बाटल्या भरायला लागली. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बाटली आतून कोरडी हवी, नाहीतर बुरशी येते. चिप्सची पाकिटं, पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं तुकडे करून आत घालायची आणि काठीने ठासायची. थोडं घाला, ठासा, पुन्हा घाला. बाटली दाबल्यावर बोट आत जाता कामा नये. एका बाटलीत किती वेष्टनं मावतात ते पाहून मुलं हरखतात, कारण खाताना ती एवढीशी वाटतात. भरलेल्या बाटल्या सांगाड्यात रांगेने रचल्या, दोन्ही अंगांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ठोकली, जाळ्या आरपार तारेने बांधल्या आणि वरून सिमेंटचा गिलावा केला. आईबाप मदतीला आले, गवंडीही गावातलेच होते. ऑक्टोबर २००९ मध्ये खोल्या पुऱ्या झाल्या. चार हजारांहून जास्त बाटल्या त्या भिंतींत आहेत. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या मोठ्या लोकोत्सवात अशी एक भिंत लोकांसमोर रचून दाखवली गेली, आणि ग्वातेमालाच्या खेड्यांतून बाटल्यांच्या आणखी कितीतरी शाळा गावकऱ्यांच्याच हातांनी उभ्या राहिल्या. ग्रानादोसमध्ये मात्र काम चालू असताना वेगळीच अडचण आली होती. भिंती पुऱ्या व्हायच्या आत गावातला कचरा संपला, आणि बाटल्या गोळा करायला शेजारच्या गावांत जावं लागलं.